तुकडा कोणत्या बाटलीत गेला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

२४ मार्चच्या जागतिक क्षयरोग दिनानिमित्त यंदाही वृत्तपत्रांत बरेच छापून आले. नवी तपासणी यंत्रे, क्षयमुक्त घोषित झालेली गावे, नोव्हेंबर २०२४ पासून पाचशेचे हजार झालेले पोषणाचे मासिक अनुदान, हे सारे वाचकांपर्यंत पोहोचायलाच हवे आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. मात्र या मजकुरात लहान मुलांचा क्षयरोग एखाद्या चौकटीपुरता येतो, आणि त्या चौकटीतही 'वेळेत निदान करून घ्या' असे सांगून विषय आटोपला जातो. निदान करायचे कसे, आणि नेहमीच्या तपासण्यांतून ते झाले नाही तर पुढे काय करायचे, हे कोणी सांगत नाही. मी गेली सत्तावीस वर्षे पश्चिम महाराष्ट्रातील एका तालुक्याच्या गावी बालरोगतज्ज्ञ म्हणून काम करते. त्या अनुभवाच्या आधारे, मुलांच्या छातीतील क्षयाच्या निदानासाठी करावयाच्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेविषयी थोडे विस्ताराने लिहीत आहे.

मोठ्या माणसाच्या क्षयाचे निदान बेडक्यावर चालते. रुग्ण खोकतो, डबीत बेडका देतो, तो सीबीनॅट यंत्रात घातला जातो आणि साधारण दोन तासांत दोन गोष्टी कळतात : क्षयाचा जंतू आहे की नाही, आणि असल्यास तो रिफाम्पिसिन या मुख्य औषधाला दाद देतो की नाही. गोव्यातील कंपनीच्या ट्रूनॅट या बॅटरीवर चालणाऱ्या यंत्रामुळे, ज्याला जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता २०२० साली मिळाली, ही सोय आता बऱ्याच ग्रामीण केंद्रांपर्यंत आली आहे. पण यंत्र कितीही चांगले असले तरी त्यात घालायला काहीतरी लागते, आणि पाच-सहा वर्षांखालचे मूल बेडका थुंकत नाही, ते गिळते. शिवाय मुलाच्या छातीतला क्षय बहुधा मोठ्यांसारखा फुफ्फुसात पोकळी पाडत नाही. तो श्वासनलिकेला लागून असलेल्या गाठींमध्ये, नाहीतर फुफ्फुसाच्या आवरणात दबा धरून बसतो. जंतूंची संख्या थोडी आणि ते बसलेले आडजागी, त्यामुळे नमुना हाती लागला तरी त्यात जंतू सापडेलच असे नसते.

गिळलेला बेडका मिळवण्यासाठी आम्ही पहाटे मुलाच्या जठरातले पाणी काढतो. हा प्रकार ज्यांनी पाहिलेला नाही त्यांना त्याची कल्पना येणार नाही. रात्रभर उपाशी ठेवलेले मूल जागे होऊन जठर रिकामे होण्याच्या आत, म्हणजे साडेपाच-सहाच्या सुमारास, वॉर्डात दिवे लागतात. मुलाला चादरीत गुंडाळतात, आई त्याचे डोके दोन्ही हातांत धरते, सिस्टर नाकातून पातळ नळी जठरापर्यंत सरकवतात आणि सिरिंजने पाच-दहा मिलिलिटर गढूळ पाणी ओढून घेतात. जठरातल्या आम्लाने जंतू मरू नयेत म्हणून त्यात लगेच सोडा बायकार्ब घालावा लागतो. शेजारी कपाटावर दुधाचा थर्मास ठेवलेला असतो आणि मुलाची नजर त्याच्यावर खिळलेली असते. हेच दुसऱ्या दिवशी पुन्हा, आणि शक्य असल्यास तिसऱ्या दिवशीही करायचे असते. एवढे करूनही निम्म्याहून अधिक मुलांच्या नमुन्यात काही सापडत नाही. केप टाउनच्या डॉक्टरांनी २००५ साली दाखवून दिले की खारट पाण्याची वाफ देऊन काढलेला कफाचा एक नमुना जठराच्या पाण्याच्या तीन नमुन्यांच्या तोडीचा असतो. मुलाच्या विष्ठेवर सीबीनॅट करण्यासही आता मान्यता आहे. या दोन्ही सोप्या रीती आपल्याकडे जितक्या रुळायला हव्या होत्या तितक्या रुळलेल्या नाहीत, हे आधी कबूल करते. कारण शस्त्रक्रियेची भाषा करण्याआधी सोपे मार्ग संपले आहेत का, हे विचारण्याचा अधिकार वाचकांना आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ साली जगात सुमारे १ कोटी ८ लाख लोकांना क्षयरोग झाला आणि त्यांत पंधरा वर्षांखालील मुले सुमारे १२ टक्के होती. जगातील एकूण रुग्णांपैकी चौथ्या हिश्श्याहून थोडे अधिक रुग्ण एकट्या भारतातले. आपल्याकडे नोंद होणाऱ्या रुग्णांत मुलांचा वाटा मात्र सहा टक्क्यांच्या आसपास घुटमळतो. हा फरक आपली मुले अधिक काटक असल्यामुळे पडला असावा असे मला वाटत नाही. आणि ज्यांची नोंद होते त्यांतल्या पुष्कळांचे निदानही एक्स-रे, मांटू ही हातावरच्या कातडीतील टोचणीची चाचणी, ताप, घटलेले वजन आणि घरात कोणाला टीबी होता का, या अंदाजावरच झालेले असते. असे अंदाजाने उपचार सुरू करणे चूक नाही. मीही ते करते आणि शास्त्रही ते मान्य करते. सहा महिन्यांच्या गोळ्या बहुतेक मुलांना बऱ्या करतात. अडचण उरलेल्यांची आहे.

त्या उरलेल्यांतली एक मुलगी मला या पत्रापर्यंत घेऊन आली. वय नऊ, वजन १९ किलो. दीड महिना संध्याकाळचा ताप, एक्स-रेमध्ये श्वासनलिकेच्या उजव्या बाजूला जाड सावली, मांटू १८ मिलिमीटर. जठराच्या पाण्याचे दोन्ही नमुने निरंक. मी नेहमीची चार औषधे सुरू केली. दोन महिन्यांनी वजन अर्धा किलो घटले होते आणि सावली किंचित वाढली होती. औषध लागू पडत असतानाही गाठी सुरुवातीला काही काळ फुगू शकतात, हे प्रत्येक बालरोगतज्ज्ञाला ठाऊक असते, आणि मी त्याच आधारावर थांबले. चौथ्या महिन्यात ताप परतला तेव्हा मी आईला पुन्हा सगळी हकिकत विचारायला बसले आणि त्या ओघात कळले की मुंबईहून येऊन दोन महिने घरी राहिलेल्या मामाचे टीबीचे औषध मध्येच बदलले होते. का बदलले ते तिला ठाऊक नव्हते. हा प्रश्न मी पहिल्या दिवशी विचारायला हवा होता. मी 'घरात कोणाला टीबी आहे का' एवढेच विचारले होते, आणि मामा तेव्हा परत गेलेला असल्याने उत्तर 'नाही' असे आले होते.

आता प्रश्न असा होता की मामाकडून मुलीला आलेला जंतू औषधांना दाद न देणारा आहे का. मामाच्या कागदपत्रांवरून पुढचे उपचार ठरवता आले असते, पण ते कागद मिळाले नाहीत. मानेत गाठ असती तर बारीक सुईने तिच्यातला अंश सहज काढता आला असता; मान दोन्ही बाजूंनी चाचपून पाहिली, गाठ नव्हती. श्वासनलिकेतून दुर्बीण घालून आतले पाणी तपासले, त्यातही काही नाही. सीटी स्कॅनमध्ये मात्र श्वासनलिकेच्या उजव्या कडेला आणि तिला फाटे फुटतात त्याच्या खाली अशा दोन जागी गाठींचे पुंजके स्पष्ट दिसत होते, आणि त्यांच्या मध्यभागी काळसर भाग होता, म्हणजे आतले मांस मेलेले होते. जंतू असलाच तर तिथे होता. तिथवर हात पोहोचवण्याचा एकच मार्ग उरला होता.

'छाती उघडायची' हे शब्द ऐकल्यावर मुलीची आजी उठून उभीच राहिली. "पोरीची जात, डॉक्टरीणबाई. छातीवर वण राहील," एवढेच ती म्हणाली. तिचे भय निराधार म्हणता येणार नाही. पूर्वी अशा कामासाठी बरगड्यांमधून वीतभर छेद घ्यावा लागे, पाठीचे स्नायू कापावे लागत, आणि वाढत्या वयाच्या मुलांत पुढे खांद्याचे पाते वर येणे, बरगड्या एकमेकींना चिकटणे, पाठीचा कणा वाकणे असे परिणाम दिसत. केवळ निदानासाठी एवढे करण्यास आम्ही बालरोगतज्ज्ञ बिचकत असू आणि ते योग्यच होते. मी आजींना दवाखान्यातल्या मावशींकडून तुरीचे चार दाणे मागवून दाखवले आणि एवढी तीन छिद्रे पडतील असे सांगितले. त्यांनी दाणे हातात घेऊन पाहिले आणि मग मुलाला, म्हणजे मुलीच्या वडिलांना, मान डोलावून होकार दिला.

शहरातल्या बालशल्यचिकित्सकांनी मला शस्त्रक्रियागृहात उभे राहू दिले, म्हणून जे पाहिले ते सांगते. मुलीला भूल देऊन डाव्या कुशीवर वळवले होते. भूलतज्ज्ञांनी श्वासाची नळी अशा रीतीने बसवली होती की फक्त डावे फुफ्फुस श्वास घेत राहील. उजवे हळूहळू मिटावे म्हणून छातीच्या पोकळीत अगदी कमी दाबाने कार्बन डायऑक्साइड सोडला होता. काखेखाली पाच मिलिमीटरचे एक छिद्र दुर्बिणीसाठी आणि दोन हत्यारांसाठी होती. पडद्यावर मिटलेले गुलाबी फुफ्फुस बाजूला झाले आणि छातीचे आतले आवरण दिसले. ते एरवी काचेसारखे चकचकीत असते. इथे त्यावर जागोजागी भिजल्या साबुदाण्यासारखे पांढुरके दाणे होते. गाठीच्या एका बाजूला हृदयाकडे रक्त नेणारी मोठी नीला आणि वरून तिला मिळणारी दुसरी नीला, म्हणजे एक चुकीचा चिमटा पुरे. म्हणून शल्यचिकित्सकांनी आधी लांब सुई टोचून ओढून पाहिले. रक्त आले नाही. दाट, पिवळसर, फाटलेल्या दुधाच्या चोथ्यासारखा स्राव आला. मग गाठीवरचे आवरण उघडून त्यांनी तिचे चार-पाच तुकडे आणि आवरणावरच्या दाण्यांचे दोन तुकडे घेतले. छेद घेतल्यापासून छातीत निचऱ्याची नळी टाकून टाके घालेपर्यंत तास-सव्वा तास लागला. नळी दुसऱ्या दिवशी निघाली आणि चौथ्या दिवशी मुलगी घरी आली.

परंतु या पत्राचे खरे कारण त्या तासाभरातले आणखी एक दृश्य आहे. छेद घेण्याच्या आधी शल्यचिकित्सकांनी सिस्टरना विचारले, "सलाईनची बाटली कुठे आहे?" ट्रॉलीवर फॉर्मॅलिनची बाटली होती. प्रत्येक शस्त्रक्रियागृहात असते, कारण काढलेला तुकडा फॉर्मॅलिनमध्ये घालून पॅथॉलॉजीकडे धाडायचा ही सगळ्यांच्या हाताला लागलेली सवय आहे. फॉर्मॅलिन ऊती टिकवते आणि जंतू मारते. त्यात गेलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येतो, त्यात क्षयाच्या विशिष्ट गाठी आणि मेलेले मांस ओळखता येते, आणि 'क्षयाशी सुसंगत' असा अहवाल मिळतो. पण त्यातून जंतू वाढवता येत नाही, आणि जंतू वाढवता आला नाही तर कोणते औषध चालेल व कोणते चालणार नाही, याची पूर्ण चाचणी होऊ शकत नाही. त्या दिवशी निम्मे तुकडे निर्जंतुक बाटलीत साध्या सलाईनमध्ये गेले. संध्याकाळपर्यंत सीबीनॅटचा निकाल आला : जंतू आहे, रिफाम्पिसिनला दाद देत नाही. आठवड्याने पॅथॉलॉजीचा अहवाल आला तो फक्त 'क्षयाशी सुसंगत' इतकाच होता, आणि तोही शंभर टक्के खरा होता. केवळ त्या अहवालावर विसंबले असते तर मी तीच चार औषधे आणखी नेटाने चालू ठेवली असती. जंतुसंवर्धनाचा निकाल यायला पुढे सहा आठवडे लागले आणि त्यातून बाकीच्या औषधांचा हिशेब लागला.

हे मी इतक्या खात्रीने लिहिते याला एक जुनी जखम कारण आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्याच एका बालरुग्णाच्या छातीतून एका रुग्णालयात, ज्याचे नाव घेण्याचे कारण नाही, अशाच रीतीने तुकडे काढले गेले. शस्त्रक्रिया उत्तम झाली. सगळे तुकडे एकाच बाटलीत, फॉर्मॅलिनमध्ये गेले. मी फोन केला तेव्हा समोरचे डॉक्टर सौजन्याने म्हणाले की चिठ्ठीवर तसे काही लिहिलेले नव्हते, आणि ते बरोबर होते. मी 'बायोप्सीसाठी' एवढेच लिहिले होते. पुन्हा शस्त्रक्रिया करायला पालक तयार झाले नाहीत. त्या मुलाला औषधांना दाद न देणारा क्षय असावा असे धरून उपचार द्यावे लागले, आणि त्या काळी त्या उपचारांत कित्येक महिने रोजचे इंजेक्शन असे. क्षय बरा झाला, पण मुलाच्या एका कानाने दगा दिला. त्याला ते इंजेक्शन खरोखर लागत होते की नाही, हे आता कधीच कळणार नाही.

छातीत दुर्बीण घालण्याची कल्पना नवी वाटते. तिचा जन्म मात्र क्षयरोगाच्याच घरात झाला. स्टॉकहोमचे डॉ. हान्स ख्रिश्चन जाकोबेयस यांनी १९१० साली मूत्राशय पाहण्याची दुर्बीण छातीच्या पोकळीत घालून पाहिली आणि लवकरच तिचा उपयोग क्षयरोग्यांसाठी सुरू केला. औषधे नव्हती त्या काळी रोगट फुफ्फुस मिटवून विश्रांती देण्यासाठी छातीत हवा भरत. आमच्याकडे पाचगणी-मिरजेच्या सॅनिटोरियमची आठवण असलेली जुनी माणसे 'हवा भरायला नेले होते' असे म्हणत ते हेच. फुफ्फुस कुठे चिकटलेले असले तर ते मिटत नसे, आणि ती चिकटण जाकोबेयस दुर्बिणीतून पाहून तोडत. पुढे स्ट्रेप्टोमायसिन आणि इतर औषधे आली, हवा भरणे मागे पडले आणि त्याबरोबर दुर्बीणही विसरली गेली. मुलांच्या छातीतील विकारांचे निदान करण्यासाठी ती पुन्हा वापरल्याचा अनुभव अमेरिकेतील डॉ. ब्रॅडली रॉजर्स यांनी १९७६ साली प्रसिद्ध केला, आणि १९९० नंतर व्हिडिओ कॅमेरा जोडला गेल्यावर ती सर्वत्र पसरली. म्हणजे औषधांमुळे जे हत्यार अडगळीत गेले होते, ते औषधे चालेनाशी झाल्यावर पुन्हा बाहेर काढण्याची वेळ आपल्यावर आली आहे.

माझ्या म्हणण्याचा विपर्यास होऊ नये म्हणून स्पष्ट लिहिते की क्षयाचा संशय असलेल्या प्रत्येक मुलाच्या छातीत दुर्बीण घालावी असे मी मुळीच सुचवत नाही. मेंदूज्वराची चिन्हे असलेल्या किंवा कुपोषणाने खंगलेल्या बाळाला तर नमुन्याची वाट न पाहता औषध सुरू करायला हवे. तिथे एक दिवसही मोलाचा असतो. ज्या मुलाच्या घरात साध्या क्षयाचा रुग्ण आहे, ज्याच्या गाठी लहान आहेत आणि जे औषधावर महिन्याभरात वजन धरू लागले, त्याला शस्त्रक्रियेची काही गरज नाही. अशा सौम्य क्षयाला सहाऐवजी चार महिन्यांचा कोर्स पुरतो, हे २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या ज्या चाचणीने दाखवले तिच्यात पुणे आणि चेन्नई येथील मुले होती. शिवाय भूल आणि शस्त्रक्रिया यांचे धोके आहेतच : रक्तस्राव, फुफ्फुसातून हवा गळत राहणे, क्वचित मोठा छेद घ्यावा लागणे. गाठीने श्वासनलिका दाबलेली असल्यास भूल देणेच जोखमीचे ठरते. परंतु ज्या मुलाचा संपर्क औषधांना दाद न देणाऱ्या क्षयाशी आला आहे आणि ज्याचे सर्व नमुने निरंक आहेत, जे नीट औषध घेऊनही दोन-तीन महिन्यांत सुधारत नाही, किंवा ज्याच्या छातीतल्या गाठी क्षयाच्याच आहेत याबद्दल मनात पाल चुकचुकते, त्याला आणखी दोन महिने 'बघू या' म्हणत ठेवण्यापेक्षा बालशल्यचिकित्सकाकडे पाठवणे शहाणपणाचे आहे.

पाल चुकचुकण्याविषयी थोडे अधिक लिहायला हवे. छातीच्या मधोमध गाठी दिसल्या की आपल्याकडे त्या क्षयाच्याच धरल्या जातात, आणि शंभरातल्या बहुतेक वेळा ते खरेही असते. पण लिम्फोमा हा रक्तपेशींचा कर्करोगही तिथेच, तसाच दिसतो. ताप तोच, वजन घटणे तेच. एका चौदा वर्षांच्या मुलाला टीबीच्या गोळ्यांबरोबर, गाठीने श्वासनलिका दाबली जाते म्हणून, स्टिरॉइडही सुरू केले गेले होते. आठ दिवसांत ताप गेला, भूक लागली, घरात पेढे वाटले गेले. स्टिरॉइड थांबल्यावर महिन्याभरात गाठी दुप्पट झाल्या. स्टिरॉइड लिम्फोमाच्या गाठी तात्पुरत्या विरघळवते आणि त्यानंतर काढलेल्या तुकड्याचे निदान करणे पॅथॉलॉजिस्टलाही कठीण जाते. म्हणून गाठींचे निदान पक्के नसेल आणि मुलाचा श्वास कोंडत नसेल, तर स्टिरॉइडचा पहिला डोस देण्याआधी तुकडा मिळवावा, अशी माझ्या तरुण सहकाऱ्यांना विनंती आहे.

दुसरी एक गोष्ट अधिकच टाळण्याजोगी आहे, कारण तिथे शस्त्रक्रिया झालेलीच असते. मुलाच्या छातीत पू होऊन फुफ्फुसावर जाड साल चढते तेव्हा ती दुर्बिणीने सोलून काढतात. ही शस्त्रक्रिया आता जिल्ह्याच्या ठिकाणीही होऊ लागली आहे आणि तिने कित्येक मुलांचे प्राण वाचवले आहेत. आपल्या देशात या पुवामागे नेहमीच्या जिवाणूंखेरीज क्षयाचा जंतूही असू शकतो, हे सर्वांना माहीत आहे. तरीही सोलून काढलेली साल किडनी ट्रेमध्ये जमा होते, शेवटी जैववैद्यकीय कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत जाते, आणि तपासणीला जातो तो फक्त पू किंवा पाणी. फुफ्फुसाच्या आवरणातल्या पाण्यात सीबीनॅटला जंतू सापडण्याचे प्रमाण कमी असते. आवरणाच्या तुकड्यात ते अधिक असते. म्हणजे ज्यात उत्तर असण्याची शक्यता जास्त, तेच आपण फेकतो. त्यात भर म्हणजे अशा मुलांना आधी दिलेली लिनेझोलिड किंवा लिव्होफ्लॉक्सासिन ही प्रतिजैविके क्षयाच्या जंतूवरही थोडाफार परिणाम करतात, त्यामुळे ताप चार दिवस उतरतो आणि सगळे निश्चिंत होतात.

आता व्यवस्थेविषयी. मुलांच्या छातीत दुर्बिणीने काम करू शकणारे शल्यचिकित्सक मोजक्या शहरांत आहेत, आणि त्याहून दुर्मीळ आहेत ते एकाच फुफ्फुसावर लहान मुलाला भूल देण्याचा सराव असलेले भूलतज्ज्ञ. कॅमेरे आणि हत्यारे विकत घेता येतात. हा सराव विकत मिळत नाही, तो काम करून होतो आणि त्यासाठी रुग्ण एका ठिकाणी यावे लागतात. म्हणून प्रत्येक जिल्हा रुग्णालयात ही सोय हवी अशी भाबडी मागणी मी करणार नाही. प्रत्येक महसूल विभागात एका शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात बालशल्यचिकित्सा, बालभूलशास्त्र आणि जंतुसंवर्धनाची मान्यताप्राप्त प्रयोगशाळा यांची सांगड घालावी, तिथे मुलाला कोणत्या वारी, कोणत्या खोलीत पाठवायचे हे तालुक्याच्या डॉक्टरला माहीत असावे, आणि मुलाबरोबर जाणाऱ्या पालकाच्या बुडालेल्या मजुरीचा विचार व्हावा. माझ्या रुग्ण मुलीच्या वडिलांनी ऊसतोडीची उचल घेतलेली होती. मुकादमाला तोंड कसे द्यायचे ही त्यांची चिंता शस्त्रक्रियेपेक्षा मोठी होती.

एका विमा योजनेच्या खिडकीवर मला आलेला अनुभवही नमूद करते. मंजुरीच्या अर्जात 'निदान' हा रकाना भरल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नव्हता. निदान करण्यासाठीच शस्त्रक्रिया करायची आहे, असे मी फोनवर तीनदा समजावले. पलीकडचा तरुण नम्र होता, त्याने तीनदा ऐकून घेतले आणि चौथ्यांदा विचारले, "पण मॅडम, पेशंटला झालंय काय?"

त्या मुलीला पुढे दीड वर्ष गोळ्या घ्याव्या लागल्या. सुदैवाने आता या उपचारांत इंजेक्शन लागत नाही, त्यामुळे तिच्या कानांना धोका झाला नाही. तिचे वजन गेल्या महिन्यात २६ किलो भरले. काखेखालचे तिन्ही वण आजींनी मला मुद्दाम दाखवले; त्यांना ते आता स्वतःलाच शोधावे लागतात.

या सर्व मागण्यांपैकी ज्या शासनाच्या हातातल्या आहेत त्यांना वेळ लागेल हे मी जाणते. बाटलीची गोष्ट मात्र उद्यापासून होण्यासारखी आहे, म्हणून शल्यचिकित्सकांच्या आणि भूलतज्ज्ञांच्या संघटनांनी शस्त्रक्रियेपूर्वी वाचायच्या यादीत 'सलाईनची बाटली तयार आहे का' ही एक ओळ घालावी, अशी विनंती आपल्या वृत्तपत्रामार्फत करते. मी स्वतः त्या जुन्या प्रकरणापासून मुलाला पाठवताना चिठ्ठीच्या माथ्यावर लाल शाईने 'निम्मा तुकडा सलाईनमध्ये, संवर्धन व सीबीनॅटसाठी. फॉर्मॅलिन नको' असे लिहिते. गेल्या पावसाळ्यात रात्री साडेनऊला एका अनोळखी नंबरवरून फोन आला. बोलणारा निवासी डॉक्टर शस्त्रक्रियागृहातूनच बोलत असावा, कारण मागे मॉनिटरची टुकटुक ऐकू येत होती. "मॅडम, तुमची चिठ्ठी वाचली. सलाईन किती घालू?" मी त्याला सांगितले, तुकडा कोरडा पडणार नाही इतके.

आपली,
एक बालरोगतज्ज्ञ